चित्राचे थर आणि थरांमागचे हात

पडद्यावर हलणारे चित्र आपल्याला एकसंध दिसते. वस्तुतः ती चित्रांची चळत असते : तळाशी देखावा, त्यावर माणसे, त्यावर पाऊस किंवा धूर. संगणकावर असे चित्र जुळवणारे कारागीर ह्यातील प्रत्येकाला 'लेयर' म्हणतात. आपण थर म्हणू. थरांचा इतिहास बहुधा यंत्रांचा म्हणून सांगतात. माझ्या मते तो कामाच्या वाटणीचा इतिहास आहे.

1914 साली अमेरिकेत विन्सर मॅके ह्यांनी 'गर्टी' नावाच्या डायनोसॉरवर चित्रपट केला. मागचे डोंगर आणि दगड प्रत्येक चित्रात पुन्हा गिरवावे लागत. त्यासाठी एक मदतनीस ठेवला होता. त्याच वर्षी अर्ल हर्ड ह्यांनी पारदर्शक सेल्युलॉइडवर पात्रे काढून ती एकाच देखाव्यावर ठेवण्याच्या पद्धतीचे पेटंट मागितले. आता डोंगर एकदा काढला की भागले!

श्रम वाचले, तसे कामाचे तुकडेही पडले. वॉल्ट डिस्ने ह्यांच्या स्टुडिओत एकजण आकृती काढी, दुसरा मधल्या हालचाली भरी, आणि सेल्युलॉइडवर शाईने गिरवून रंग भरण्याचे काम जवळजवळ सर्वस्वी स्त्रिया करीत. सेल्युलॉइडच्या प्रत्येक थराने खालचा रंग जरा मंदावे. म्हणून चार-पाच थरांपलीकडे सहसा जात नसत. पात्र निघून गेले तरी त्याच्या जागी कोरा थर ठेवीत, नाही तर रंग एकदम बदलल्यासारखा दिसे. कोणत्या चौकटीत कोणता थर, ह्याचा हिशेब 'एक्स्पोजर शीट' नावाच्या तक्त्यात असे. त्या तक्त्यात कोऱ्या थरालाही जागा होती. पण 1937 च्या 'स्नो व्हाइट'च्या श्रेयनामावलीत ह्या स्त्रियांना नव्हती. पगारातील तफावत, श्रेय आणि संघटनेचा हक्क ह्यांवरून 1941 च्या मे महिन्यात तेथे संप झाला, आणि अखेर मालकांना युनियन मान्य करावी लागली.

पुढे गणिताने सेल्युलॉइडची जागा घेतली. चित्रातील प्रत्येक बिंदू किती अपारदर्शक आहे, हे एका आकड्याने सांगायचे आणि त्यावरून थर एकमेकांवर बसवायचे. ह्याचे नियम थॉमस पोर्टर व टॉम डफ ह्यांनी 1984 साली मांडले. 1993 साली 'आफ्टर इफेक्ट्स' हे सॉफ्टवेअर बाजारात आले. रंग मंदावण्याची अडचण संपली, तशी थरांची मर्यादाही संपली. एका दृश्यात शेकडो थर आले, आणि जुन्या तक्त्याची शिस्त नव्या रूपात पाळावी लागली : प्रत्येक थराला नाव द्यावे, एकत्र हलणारे थर एका गटात बांधावेत, पुरे झालेल्या थराला कुलूप घालावे, क्रम विचारपूर्वक लावावा, कारण वरचा खाली गेला की चित्र बदलते. ही टापटीप शोभेची नव्हे. गिरणीत पाळी सोडताना कामगार मागाची खोड पुढच्याला सांगून जातो. नाही सांगितली तर नुकसान पुढच्याचे होते. बिननावाचा थर म्हणजे दुसऱ्या कोणाचे तरी जागरण होय.

थरांना नावे मिळाली; हातांचे काय? 2013 च्या फेब्रुवारीत 'ऱ्हिदम अँड ह्यूज' ह्या अमेरिकन कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. तिच्या शाखा आपल्या मुंबईत आणि हैदराबादेतही होत्या. त्याच महिन्याच्या 24 तारखेला तिने घडवलेल्या 'लाइफ ऑफ पाय'च्या दृश्यांना ऑस्कर मिळाले, आणि त्या वेळी सभागृहाबाहेर ह्याच धंद्यातील शेकडो कारागीर निदर्शने करीत होते. पुढे 2023 च्या सप्टेंबरात मार्व्हल कंपनीतील दृश्यपरिणामांच्या कामगारांनी एकमताने युनियनच्या बाजूने कौल दिला.

तळाचा थर दिसत नाही, हे त्याचे वैगुण्य नव्हे. त्याच्यावरच तर वरचे सारे उभे असते. परंतु जो दिसत नाही तो मोजायचाच नाही, असे ठरले की हिशेब खोटा होतो. कारागिराने थराला नाव द्यावे, आणि धंद्याने कारागिराला. दोन्ही कामे एकाच शिस्तीची आहेत.