डार्विननं खोडलेलं गणित



मॉडेल म्हटलं की आज आपल्या डोळ्यांपुढे संगणक येतो. पण भूरूपांच्या इतिहासातलं एक गाजलेलं मॉडेल नुसत्या गुणाकाराचं होतं. ते मांडलं चार्ल्स डार्विननं, १८५९ साली, ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’च्या पहिल्या आवृत्तीत.

इंग्लंडच्या आग्नेयेला वील्ड नावाचा प्रदेश आहे. त्याच्या उत्तरेला आणि दक्षिणेला खडूच्या खडकाच्या टेकड्या, आणि मधला खडू मात्र गायब. पूर्वी हे थर घुमटासारखे सलग होते. मग ते झिजायला किती काळ लागला असेल?

डार्विननं धरून चाललं की समुद्र ५०० फूट उंचीचा कडा शंभर वर्षांत एक इंच खातो. प्रदेशाची रुंदी २२ मैल, म्हणजे १३,९३,९२० इंच. थरांची सरासरी जाडी ११०० फूट. करा गुणाकार. उत्तर येतं ३०,६६,६२,४०० वर्षं. शेवटच्या चारशेसकट, बघा!

त्याला हा आकडा हवा होता, कारण उत्क्रांतीला अफाट काळ लागतो. त्यामुळे टीकाकारांच्या हाती आयतं कोलीत मिळालं. जॉन फिलिप्स या भूशास्त्रज्ञानं १८६०मध्ये आपल्या गंगेच्या गाळावरून वेगळाच हिशेब केला. त्याच्या मते पृथ्वीवरचे सगळे ज्ञात थर साठायलाच सुमारे ९ कोटी ६० लाख वर्षं लागली होती. डार्विननं दुसऱ्या आवृत्तीत आकडा सौम्य केला आणि १८६१च्या तिसऱ्या आवृत्तीत तो हिशेबच काढून टाकला.

आता प्रश्न असा, की चूक कुठं होती? गुणाकार अगदी बरोबर होता. चुकलं ते गृहीतक. १८६५मध्ये फॉस्टर आणि टॉपली यांनी दाखवलं, की वील्ड कोरला तो मुख्यतः पावसानं आणि नद्यांनी, समुद्रानं नव्हे. आणि आज आपल्याला ठाऊक आहे, की तो खडू साठायला सुरुवातच झाली सुमारे १० कोटी वर्षांपूर्वी! जन्माच्या आधीच झीज, असं कसं होईल?

पुढे विल्यम मॉरिस डेव्हिसनं भूरूपांचं तारुण्य, प्रौढत्व, वार्धक्य अशी सुंदर कहाणी सांगितली. तिच्यात वेगाचा आकडा नव्हता, म्हणून ती खोडणंही अवघड गेलं. १९६०मध्ये कलिंगनं पुन्हा गणित आणलं. उतार जितका तीव्र तितकी माती जास्त सरकते, एवढंच त्यानं धरलं, आणि समीकरण निघालं ते उष्णता पसरण्याच्या समीकरणासारखं. आजच्या संगणकी मॉडेलांमध्येही डोंगरउतारांसाठी हे समीकरण भेटतं.

तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी म्हणून मी एवढंच म्हणेन. नुसत्या रूपावरून कारण ठरत नाही. तीच दरी दोन वेगळ्या कारणांनी घडू शकते. म्हणून मॉडेलचं उत्तर ऐकण्याआधी विचारायचं, ‘बाबा रे, तू धरून काय चाललायस?’ डार्विननं ते उघड लिहिलं होतं, म्हणूनच त्याची चूक सापडली. आणि सापडल्यावर ती खोडायला तो लाजला नाही.