पन्नासाव्या आठवड्याचा प्रेक्षक

ठाण्यात १८९३ साली वि. ल. भावे यांच्या पुढाकाराने मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू झालं. मराठी माणसाची कादंबरीची निवड परीक्षणांपेक्षा अशा ग्रंथालयांच्या देवघेवीच्या टेबलापाशीच जास्त ठरली, असं मला ठामपणे वाटतं. पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेली तारखांची चिठ्ठी पाहा. जांभळ्या शाईचे शिक्के दाटीने बसलेले, जागा संपली म्हणून वर दुसरी चिठ्ठी डकवलेली. न बोलता केलेली ती शिफारसच. सिनेमाचंही तेच. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ साली आला आणि मुंबईच्या सेंट्रल चित्रपटगृहात वर्षाहून अधिक काळ चालला. जाहिरातीने पहिला आठवडा भरतो. पन्नासावा भरायला शेजारणीने ‘अहो, बघून याच’ म्हणावं लागतं.

यावर आक्षेप येतो की, तोंडोतोंडी शिफारस सोप्या आणि रंजक कृतींनाच वर काढते, अवघड लेखन मागे पडतं. त्यात तथ्य आहे. ‘स्वामी’ कादंबरीसाठी नंबर लावणारे वाचक कवितासंग्रहाकडे क्वचितच वळत. पण भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ १९६३ची. रूढ कादंबरीचा घाटच तिने मोडला, तरी वसतिगृहांतल्या मुलांनी ती एकमेकांच्या हाती दिली. तिथे शिफारस करणारा नुसतं नाव सांगून थांबत नसे, स्वतःची प्रत काढून देत असे.