लष्करी मनगटी घड्याळांचा संग्रह

लष्करी मनगटी घड्याळांचा संग्रह हा जुन्या वस्तूंच्या संग्रहाचा एक प्रकार आहे. सैन्यदलांनी सेवेसाठी दिलेली घड्याळे मिळवणे, त्यांची नोंद ठेवणे आणि ती जतन करणे यांचा त्यात समावेश होतो. सैनिकाने स्वतः विकत घेतलेले घड्याळ, केवळ लष्करी धाटणीचे घड्याळ आणि सरकारी मालकीचे घड्याळ यांत संग्राहक काटेकोर फरक करतात. हा फरक मुख्यतः घड्याळावरील खुणांवरून ठरतो.

इतिहास

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत पुरुष प्रामुख्याने खिशातील घड्याळ वापरत. पहिल्या महायुद्धात (१९१४–१९१८) तोफमारा आणि पायदळाची चढाई ठरलेल्या वेळी व्हावी लागे. हात मोकळे ठेवून वेळ पाहता यावी, म्हणून मनगटी घड्याळ रूढ झाले.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस ब्रिटिश सैन्यासाठी बारा उत्पादकांनी एकाच विनिर्देशानुसार घड्याळे पुरवली. काळी तबकडी, अंधारात चमकणारे काटे, सहाच्या जागी सेकंदाची छोटी तबकडी आणि जलरोधक रचना ही त्यांची वैशिष्ट्ये होत. संग्राहक या बारांना ‘डर्टी डझन’ म्हणतात. त्यांत ओमेगा, लाँजिन्स, सायमा, टिमोर, व्हर्टेक्स इत्यादी नावे असून ‘ग्राना’ सर्वांत दुर्मिळ मानले जाते.

ओळखचिन्हे

ब्रिटिश सरकारी मालमत्तेवर ‘ब्रॉड ॲरो’ हे बाणाचे चिन्ह असते. वरील बारा घड्याळांच्या पाठीमागे ‘डब्ल्यू.डब्ल्यू.डब्ल्यू.’ ही अक्षरे आढळतात; त्यांचा अर्थ ‘वॉच, रिस्ट, वॉटरप्रूफ’ असा आहे. त्याखेरीज उत्पादकाचा व लष्कराचा असे दोन क्रमांक कोरलेले असतात.

भारतातील घड्याळे

ब्रिटिश काळात स्विस घड्याळांच्या व्यापाराचे मुंबई हे प्रमुख केंद्र होते. मुंबईशी निगडित वेस्ट एंड वॉच कंपनीची घड्याळे भारतीय सैनिकांत लोकप्रिय होती. तिच्या ‘सोवर’ या घड्याळाचे नाव ‘स्वार’, म्हणजे घोडदळातील सैनिक, या अर्थाच्या शब्दावरून आले आहे.

स्वातंत्र्यानंतर हिंदुस्थान मशीन टूल्स (एचएमटी) या सार्वजनिक कंपनीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूर येथे घड्याळनिर्मिती सुरू केली. तिचे ‘जवान’ हे चावीचे घड्याळ सैन्याशी जोडले जाते. मात्र या नावाची घड्याळे सर्वसामान्य ग्राहकांनाही विकली गेली. त्यामुळे तबकडीवर ‘जवान’ लिहिलेले प्रत्येक घड्याळ सैन्यात वापरले गेले होते, असे म्हणता येत नाही. एचएमटीचा घड्याळ व्यवसाय बंद करण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने जानेवारी २०१६ मध्ये मंजुरी दिली.

अस्सलपणाची पारख

मुंबईतील चोर बाजारासारख्या ठिकाणी जुनी घड्याळे मोठ्या प्रमाणावर विकली जातात. घड्याळ चालू राहावे म्हणून तबकडी पुन्हा रंगवणे आणि निरनिराळ्या घड्याळांचे सुटे भाग एकत्र करणे ही कारागिरांची जुनी पद्धत आहे. वापरणाऱ्याच्या दृष्टीने ही दुरुस्ती उपयुक्त असली, तरी तीमुळे मूळ पुरावा नष्ट होतो. शिवाय अशा तबकड्यांवर लष्करी चिन्हे नव्याने छापून घड्याळे विकली जातात. परदेशी संग्राहकांत त्यांना ‘मुंबई स्पेशल’ असे नाव पडले आहे.

म्हणून चकचकीत तबकडीपेक्षा डागाळलेली मूळ तबकडी अधिक मोलाची मानली जाते. अक्षरांची छपाई, कोरीव क्रमांकांची झीज आणि आतील यंत्रणेचा काळ परस्परांशी जुळतात का, हे तपासले जाते. सैनिकाच्या कुटुंबाकडून घड्याळ मिळाल्यास सेवापुस्तिका व छायाचित्रे सोबत जतन करणे आवश्यक ठरते. अन्यथा त्या घड्याळाचा आणि ते वापरणाऱ्या व्यक्तीचा संबंध पुढील पिढीत सिद्ध करता येत नाही.

सुरक्षितता व कायदा

दुसऱ्या महायुद्धापर्यंतच्या अनेक तबकड्यांवर रेडियमयुक्त रंग असे. रेडियम-२२६ चा अर्धायुकाल सुमारे १,६०० वर्षे असल्याने, रंगाची चमक गेली तरी किरणोत्सर्ग कायम राहतो. अशी घड्याळे घरी उघडणे किंवा त्यांचा रंग खरवडणे धोकादायक आहे, कारण त्याचे कण श्वासावाटे शरीरात जाऊ शकतात. नंतरच्या काळात ट्रिटियम वापरले गेले. त्याचा अर्धायुकाल सुमारे १२.३ वर्षे आहे आणि ब्रिटिश लष्करी तबकड्यांवर ते वर्तुळातील ‘टी’ या अक्षराने दर्शविले जाई.

पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ नुसार ऐतिहासिक महत्त्वाची किमान १०० वर्षे जुनी वस्तू ‘पुरावशेष’ ठरू शकते आणि खाजगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. पहिल्या महायुद्धातील घड्याळांच्या बाबतीत ही तरतूद विचारात घ्यावी लागते.