तळघरातील पाण्याचा उपसा (नवी मुंबई)

इमारतीच्या जमिनीखालील मजल्यात पावसाने वा भूजलाच्या पाझराने साचणारे पाणी पंपाने उचलून बाहेरील पावसाळी गटारात सोडण्याच्या व्यवस्थेस तळघरातील पाण्याचा उपसा असे म्हणतात. नवी मुंबईच्या खाडीलगतच्या भागांत ही व्यवस्था भरती-ओहोटीच्या वेळापत्रकाशी बांधलेली आहे.

पार्श्वभूमी

१९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने ठाणे खाडी व पनवेल खाडीकाठच्या खाजणांवर आणि भातशेतीच्या जमिनींवर भराव घालून शहराचे अनेक विभाग वसविले. काही विभागांची पातळी मोठ्या भरतीच्या पातळीहून खाली असल्यामुळे नेदरलँड्समधील पद्धतीच्या धर्तीवर धारण तलाव बांधण्यात आले. भरती चढताच तलावाच्या मुखावरील झडपा खाडीच्या पाण्याच्या दाबाने मिटतात व शहरातील पाणी तलावात साठते. ओहोटी लागल्यावर ते खाडीत उतरते. भरती साधारणतः दर १२ तास २५ मिनिटांनी येते. अतिवृष्टी व मोठी भरती एकाच वेळी आल्यास गटारे तुडुंब भरतात आणि नेमक्या त्याच वेळी तळघरांतील पंपांवरही सर्वाधिक भार असतो.

नळाची मांडणी

तळघराच्या सर्वांत सखल कोपऱ्यातील खड्ड्यात पाणी गोळा होते. पाण्याची पातळी ठरावीक उंचीवर गेली की तरंगत्या गोळ्याची कळ पंप सुरू करते. पंपाच्या निवडीकडे बहुधा पुरेसे लक्ष दिले जाते; नळाच्या बाहेरील टोकाकडे मात्र दुर्लक्ष होते. हे टोक गटाराच्या तळाशी असल्यास, गटार भरताच त्यातील पाणी उलट दिशेने तळघरात येऊ शकते. म्हणून नळ प्रथम अपेक्षित पूरपातळीच्या वर नेतात, तेथे बगळ्याच्या मानेसारखे वळण देतात आणि मगच गटारात उतरवितात. वळणाच्या माथ्यावर हवेसाठी छिद्र ठेवल्यास पाणी वक्रनलिकेप्रमाणे आपोआप मागे ओढले जात नाही. पंपालगतच्या उभ्या नळावर एकदिशा झडप बसवितात. ती नसल्यास पंप थांबताच नळातील पाणी खड्ड्यात परत येते, पंप पुन्हा सुरू होतो आणि अशा आवर्तनांनी मोटर लवकर निकामी होते.

हा नळ मलवाहिनीस जोडणे अयोग्य मानले जाते. पावसाच्या पाण्याने मलवाहिनी भरल्यास सांडपाणी खालच्या मजल्यांवरील शौचालयांतून वर येते. खाडीकाठचे भूजल खारट असल्याने लोखंडी नळ लवकर गंजतात. तेथे प्लास्टिकचे नळ अधिक टिकतात. उपशाच्या पाण्याबरोबर सतत माती येऊ लागल्यास पंप वाढविण्याऐवजी पायाची तपासणी करणे आवश्यक ठरते, कारण ती माती पायाखालूनच निघत असण्याची शक्यता असते. वादळी पावसात वीज खंडित होत असल्याने दुसरा पंप व जनित्र ठेवतात. साचलेल्या पाण्यात उतरण्यापूर्वी तळघराचा वीजपुरवठा तोडणे अनिवार्य आहे. तळघरातच वीजमीटर असलेल्या इमारतींत हा धोका विशेष असतो.

धारण तलावांची स्थिती

तळघरातून उचललेले पाणी अखेर ज्या तलावांत जाते, त्यांपैकी अनेकांत गाळ साचून कांदळवने वाढली आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सार्वजनिक हिताचे अपवाद वगळता कांदळवनांच्या तोडीस मनाई केली. त्यामुळे गाळ काढण्यासाठी आवश्यक परवानग्यांचा प्रश्न नवी मुंबई महानगरपालिकेपुढे वारंवार उभा राहिला आहे. तोवर तलावांची साठवणक्षमता घटलेलीच राहते आणि भरतीच्या वेळी गटारांतील पाणी अधिक लवकर चढते.