लाल शेपटीचं विमान आणि एक शिक्षक



दशलक्षण पर्व नुकतंच संपलं. उपवासांची पारणी झाली, घरातलं रोजचं सुरू झालं. या वेळी पर्वाच्या आसपासच शिक्षक दिन आला, त्यामुळे आमच्या नातवाची गडबड वेगळी होती. शाळेत ‘जगातले एक शिक्षक’ या विषयावर पाच मिनिटं बोलायचं होतं. त्याच्या बाबांनी संगणकावर एक फोटो काढून दिला. एक वयस्कर, कृष्णवर्णीय, ताठ उभे राहिलेले गृहस्थ, आणि मागे लाल शेपटीचं जुनं लढाऊ विमान.

नातू म्हणाला, ‘‘आज्जी, हे शिक्षक आहेत की पायलट? आणि पायलट असतील तर यांनी युद्धात बॉम्ब टाकले असणार. आपण अहिंसावाले. मग यांच्यावर बोललेलं चालेल का?’’

प्रश्न मला आवडला, पण उत्तर लगेच देता येईना. मग चार दिवस दुपारची झोप सोडून मी वाचत बसले. जे समजलं ते तुम्हालाही सांगते.

त्यांचं नाव डॉ. रॉस्को ब्राऊन. जन्म १९२२ चा, अमेरिकेच्या राजधानीत, वॉशिंग्टनमध्ये. वडील दंतवैद्य होते आणि सरकारी आरोग्य खात्यात काम करत. घर सुशिक्षित, पण शहरात गोऱ्यांच्या शाळा वेगळ्या आणि काळ्यांच्या वेगळ्या. ते डनबार हायस्कूलमध्ये शिकले. ही शाळा फक्त कृष्णवर्णीय मुलांची, पण शिक्षक असे की त्यांतल्या काहींकडे डॉक्टरेट होती. कारण काय, तर एवढं शिकूनही मोठ्या विद्यापीठांत त्यांना कुणी नोकरी देत नसे. म्हणून ते शाळेतल्या मुलांना शिकवत. अन्यायातून मुलांना मिळालेला हा फायदाच म्हणायचा, पण असा फायदा कुणाच्या वाट्याला येऊ नये.

पुढे मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड कॉलेजातून १९४३ साली ते पहिल्या क्रमांकाने पदवीधर झाले. युद्ध चालू होतं. त्यांनी विमानदलाची वाट धरली.

आता इथे थोडं मागे जाऊ. १९२५ साली अमेरिकन लष्कराच्या एका महाविद्यालयाने अहवाल लिहिला होता, की काळ्या माणसाची बुद्धी आणि धैर्य कमी पडतं. असल्या कागदांच्या आधारावर त्यांना वर्षानुवर्षं विमानाजवळ फिरकू दिलं गेलं नाही. पुष्कळ आरडाओरडा झाल्यावर १९४१ साली अलाबामा राज्यात टस्कगी इथे त्यांच्यासाठी वेगळं प्रशिक्षण सुरू झालं. पहिल्या तुकडीत तेरा जण होते, मार्च १९४२ मध्ये त्यांतले पाच उत्तीर्ण झाले. १९४६ पर्यंत हा आकडा साधारण एक हजारावर गेला. त्या पहिल्या पाचांपैकी एक होते बेंजामिन डेव्हिस, पुढे या सगळ्यांचे प्रमुख झालेले. लष्करी अकादमीत ते चार वर्षं शिकले, तेव्हा इतर विद्यार्थी कामापलीकडे त्यांच्याशी एक शब्दही बोलत नसत. खोलीत एकटे, जेवायलाही एकटे. चार वर्षं! आपल्याकडे जाऊबाई चार दिवस बोलल्या नाहीत तरी घास उतरत नाही.

टस्कगी हे नाव वाचलं आणि मी थबकले. कारण ते मी माझ्या वडिलांच्या तोंडून ऐकलेलं होतं. तिथली शिक्षणसंस्था १८८१ साली बुकर टी. वॉशिंग्टन यांनी उभी केली. ते स्वतः गुलामीत जन्मलेले. संस्थेकडे पैसा नव्हता, म्हणून विद्यार्थ्यांनीच विटा पाडल्या, भाजल्या आणि आपल्या वर्गखोल्या बांधल्या. ऐकल्यासारखं वाटतं ना? माझे वडील रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहात राहून शिकले. कर्मवीर भाऊराव पाटलांची ‘कमवा आणि शिका’ योजना त्यांनी हाताला घट्टे पडेपर्यंत अनुभवली. ते म्हणायचे, ‘‘अण्णांनी इथं केलं, तसंच तिकडं टस्कगीला एका माणसानं केलं.’’

भाऊराव आपल्याच समाजातले, कुंभोजचे. कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये शिकत असताना ते अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या समारंभाला गेले. परत आल्यावर आंघोळ करून मगच स्वयंपाकघरात या, असं त्यांना सांगितलं गेलं. त्यांनी नकार दिला आणि त्यापायी बोर्डिंग सोडावं लागलं. पुढे त्यांनी साताऱ्याला सगळ्या जातींची मुलं एका पंक्तीत बसवली आणि त्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा मोडलं. आपल्या समाजाचा म्हणून त्यांचा अभिमान आपण बाळगतो. पण त्यांना बाहेर काढणारेही आपलेच होते, हे मात्र आपण सांगत नाही.

आता रॉस्कोंकडे परत येते. मार्च १९४४ मध्ये ते वैमानिक झाले. त्यांच्या गटाचा तळ इटलीत रामितेल्ली इथे होता. या गटाने आपल्या विमानांच्या शेपट्या लाल रंगवल्या होत्या, म्हणून त्यांना ‘रेड टेल्स’ म्हणत. मुख्य काम राखणीचं. मोठी बॉम्बफेकी विमानं जर्मनीवर जात, तेव्हा शत्रूच्या लढाऊ विमानांपासून त्यांना वाचवायचं. रॉस्कोंच्या विमानाचं नाव होतं ‘बनी’, त्यांच्या लहान मुलीचं लाडाचं नाव.

२४ मार्च १९४५ ला ते बर्लिनवरच्या मोहिमेत होते. जाऊन येऊन सुमारे सोळाशे मैल, म्हणजे अडीच हजार किलोमीटरच्या वर, एका आसनी विमानात. तिथे जर्मनांची नवी जेट विमानं समोर आली. यांच्या पंख्याच्या विमानांपेक्षा ती कितीतरी वेगवान. सरळ पाठलाग करून ती हाती लागणार नव्हती. रॉस्को आधी खाली गेले आणि मग खालून, जर्मन वैमानिकाला दिसणार नाही अशा बाजूने वर आले. जेट पडलं. त्याचा वैमानिक हवाई छत्री घेऊन बाहेर पडला. त्या दिवशी या गटाने तीन जेट पाडली. रॉस्को तेव्हा तेवीस वर्षांचे होते. युद्धात त्यांनी ६८ मोहिमा केल्या.

मी बी.कॉम. झालेली बाई, हिशेब तपासल्याशिवाय चैन पडत नाही. या गटाबद्दल वर्षानुवर्षं सांगितलं जायचं की, त्यांच्या राखणीत एकही बॉम्बफेकी विमान पडलं नाही. नंतर कागदपत्रं नीट तपासली, तेव्हा २७ पडल्याचं निघालं. मग सगळं खोटं का? तसं नाही. त्याच हवाई दलातल्या इतर राखणदार गटांची सरासरी ४६ होती. खरा आकडाही त्यांच्या बाजूनेच बोलतो. त्याला शून्याचा मुलामा द्यायची गरज नव्हती.

युद्ध संपलं. जहाजाने न्यूयॉर्कला परतणाऱ्या या अधिकाऱ्यांपैकी कित्येकांनी सांगितलंय, की उतरताना गोऱ्यांची शिडी वेगळी होती आणि काळ्यांची वेगळी. दक्षिणेकडच्या राज्यांत तर ज्या उपाहारगृहात पकडून आणलेल्या जर्मन कैद्यांना जेवायला मिळे, तिथे गणवेशातल्या कृष्णवर्णीय सैनिकाला बसू देत नसत. रॉस्को एका विमान कंपनीत नोकरीसाठी गेले. आम्ही काळ्यांना घेत नाही, असं सांगून त्यांना परत पाठवलं.

तेव्हा ते शिक्षणाकडे वळले. न्यूयॉर्क विद्यापीठातून १९५१ साली व्यायाम आणि शरीरशास्त्रात डॉक्टरेट केली, तिथेच पंचवीसएक वर्षं प्राध्यापकी केली, कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेचे संचालक झाले. १९७७ ते १९९३ अशी सोळा वर्षं ते ब्राँक्स कम्युनिटी कॉलेजचे अध्यक्ष होते. हे दोन वर्षांच्या शिक्षणक्रमाचं कॉलेज. गरीब वस्तीतली मुलं, नोकरी करून शिकणारी, घरात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढणारी. मुलं मोठी झाल्यावर पुन्हा वही हातात घेणाऱ्या बायकाही असल्या कॉलेजात येतात. तिथून निवृत्त झाल्यावरही ते शहराच्या विद्यापीठात शिक्षणाच्या धोरणांवर काम करत राहिले. न्यूयॉर्कची मॅरेथॉन नऊ वेळा धावले. २००७ साली टस्कगीच्या वैमानिकांना अमेरिकन संसदेचं सुवर्णपदक मिळालं, तेव्हा ते हजर होते. २०१६ मध्ये, ९४ व्या वर्षी ते गेले.

युद्धातलं काम साधारण वर्षभराचं. शिकवण्याचं काम साठ वर्षांच्या वर. आणि आपण फोटो काढतो तो विमानाचा.

आता नातवाचा प्रश्न. आपल्याकडे हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. गृहस्थाने संकल्पी हिंसा, म्हणजे ठरवून केलेली, पूर्ण सोडायची. बाकीच्या तीन शक्य तितक्या कमी करायच्या. अन्यायाला तोंड देताना होणारी ती विरोधी. ती पुण्य नव्हे, हिंसाच आहे, पण श्रावकाला कधी टाळता येत नाही. त्या विमानांनी आगगाड्यांवर आणि तळांवरही गोळ्या झाडल्या, त्यात माणसं मेली, हे मी नातवाला लपवलं नाही. त्याला म्हटलं, ‘‘तू त्यांच्या साठ वर्षांवर बोल. एक वर्ष होतं तेही सांग, पण त्याची फुशारकी मारू नकोस.’’

त्याचं समाधान झालं. माझं झालं नाही.

कारण मी हे सगळं वाचत होते ते उत्तम मार्दवाच्या दिवसाच्या आगेमागे. त्या दिवशी स्वाध्यायात आपण आठ मद म्हणतो. कुलमद आणि जातिमद त्यातच येतात. तोंडपाठ आहेत मला. आणि आमच्या घरी, कामाच्या मावशींचा कप खिडकीच्या फळीवर वेगळा ठेवलेला असायचा. सासूबाईंनी ठेवला होता, असं मी स्वतःला सांगत आले. पण सासूबाईंना जाऊन अकरा वर्षं झाली. अकरा वर्षं तो कप मीच धुतला आणि मीच परत त्या फळीवर ठेवला. आपलं सोवळं, आपली शुद्धी, ही कारणं तयार होतीच. डेव्हिसना वेगळं जेवायला बसवणाऱ्यांकडेही कारणं असतीलच की.

क्षमावाणीच्या दिवशी मी मावशींना म्हटलं, ‘‘मावशी, आजपासून आपण एकाच कपांतून चहा घेऊ. इतकी वर्षं माझं चुकलं.’’ त्या जराशा हसल्या आणि म्हणाल्या, ‘‘वहिनी, मला तर माहीतच होतं.’’ पुढे काही बोलल्या नाहीत. चहा प्यायला आणि भांडी घासायला गेल्या. माफ केलं की नाही, ते मला अजून कळलेलं नाही, आणि विचारायची माझी हिंमत नाही.

मैत्रिणींनो, तुमच्या घरातल्या फळीवरही एकदा नजर टाका. काही वेगळं ठेवलेलं दिसलं तर मला कळवू नका, फक्त खाली काढा.

सर्वांना उत्तम क्षमा.