पिवळे निशाण

शिडाची सहलनौका घेऊन भूमध्य समुद्रातील बंदरात शिरताना नवख्याला चिंता पडते ती जागेची. पण त्या समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. मुंबईस उधाणाच्या दिवशी पाणी बारा फुटांहून अधिक चढते-उतरते. माल्टात ते जेमतेम वीतभर. म्हणून तेथे नौका पुढे नांगर टाकते, मागे सरकत येते आणि पिछाडी धक्क्याला बांधते. जत्रेत बैलगाड्या लागाव्यात तशा शेजारीशेजारी नौका लागतात. मध्ये फळी टाकली की उतरावे.

पण श्रोतेहो, पूर्वी या फळीवर पाय ठेवण्याआधी एक प्रश्न येई : कोठून आलात? तेथे साथ होती काय? 1377 मध्ये रागुसाने, म्हणजे आजच्या दुब्रोव्निकने, साथीच्या मुलखातून येणाऱ्यांना तीस दिवस बाहेर थांबविण्याचा कायदा केला. पुढे तिसाचे चाळीस झाले आणि इटालियन चाळिसावरून ‘क्वारंटाईन’ शब्द आला. 1897 च्या प्लेगात आपल्या आजे-पणज्यांनी तो ऐकला, 2020 मध्ये आपणही ऐकला.

माल्टात व्हॅलेटा शहरासमोर मार्सामशेट नावाचे बंदर आहे. त्यातील बेटावर 1643 मध्ये सरदारांचा प्रमुख लास्कारिस याने लाझारेट्टो, म्हणजे विलगीकरणाचे घर, उभारले. पत्रांनादेखील सुटका नव्हती. त्यांना चिरा पाडून धुरी देत, व्हिनेगर लावीत. 1831 मध्ये सर वॉल्टर स्कॉट ब्रिटिश युद्धनौकेतून आला. बेट ब्रिटिशांचे, नौका ब्रिटिशांची, पाहुणा जगप्रसिद्ध; तरी त्याला याच बेटावरील किल्ल्यात दिवस काढावे लागले. मला हा नियम फार आवडतो.

कारण ढिलाईची किंमत माल्टाने नुकतीच मोजली होती. 1813 च्या मार्चमध्ये अलेक्झांड्रियाहून ‘सान निकोला’ हे गलबत आले. वाटेत खलाशी प्लेगने मेले होते. गलबत अलग ठेवले होते, पहारा होता. तरी त्यातले कापड चोरून गावात गेले असे म्हणतात. त्या साथीत सुमारे साडेचार हजार माणसे दगावली.

आज त्याच बेटाला सहलनौका लागतात. परक्या देशातून आलेली नौका अजूनही पिवळे निशाण चढविते. त्याचा आजचा अर्थ एवढाच : आमच्याकडे सर्व निरोगी आहेत, उतरू द्या. कागदांवर शिक्के पडले की निशाण खाली येते.