मूळ प्रत कोठे आहे?

गेल्या वर्षी आमच्या शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने घरच्या माळ्यावरून १९९४ सालच्या स्नेहसंमेलनाची व्हीएचएस कॅसेट शोधून आणली. त्याच संमेलनात आमच्या गणिताच्या गुरुजींना निरोप दिला होता. मीही त्यांच्याच हाताखाली शिकलेला. चित्र अंधुक, रंग विटलेले, तळाशी थरथरणारा पट्टा. शहरातल्या एका स्टुडिओने ती 'एचडी' करून दिली आणि आम्ही ती सभागृहात मोठ्या पडद्यावर लावली. पहिल्या दृश्याला टाळ्या पडल्या. मग पुढच्या रांगेतून गुरुजींच्या पत्नी, आमच्या काकू, मला हळूच म्हणाल्या, "अरे, हे काही आमचे 'हे' नव्हेत."

काकूंचे खरे होते. गुरुजींच्या गालांवर देवीचे वण होते. यंत्राने ते चित्रातली खरखर समजून पुसून टाकले आणि तेथे गुळगुळीत, तिशीतल्या माणसाची कातडी बसवली. मागच्या फलकावर शाळेचे नाव मराठीत आणि त्याखाली कानडीत होते. आता दोन्ही ओळी ठसठशीत दिसत होत्या, पण अक्षरे ना मराठी ना कानडी. आपल्या भागात दोन लिप्यांची सवय सगळ्यांनाच आहे. ही तिसरी मात्र कोणालाच वाचता येईना!

हे असे का होते, याचे गणित गुरुजींनी फळ्यावर दोन मिनिटांत मांडले असते. आपल्याकडच्या जुन्या दूरदर्शन-पद्धतीत चित्राच्या ६२५ रेषा असत, त्यांतल्या दिसणाऱ्या ५७६. अंकीय स्वरूपात ते चित्र ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२० ठिपक्यांचे. एचडी चित्र १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपक्यांचे; बरोबर पाचपट. तेव्हा जुन्या चित्राने नवी चौकट पूर्ण भरायची, तर दर पाच ठिपक्यांतले चार कोठून तरी आणावे लागतात. व्हीएचएस फितीवर तर मुळातच याहून कमी तपशील उमटतो. साधे यंत्र शेजारच्या ठिपक्यांची सरासरी काढून मधली जागा भरते. चित्र मोठे होते, अधिक स्पष्ट होत नाही. नवे यंत्र आधी लाखो चित्रे पाहून 'शिकलेले' असते. अशा ठिकाणी बहुधा काय असते, याचा अंदाज बांधून ते तपशील रंगवते. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, असे आपण म्हणतो. हे यंत्र पोहरा भरूनच वर काढते, पण ते पाणी त्या आडातले नसते.

या प्रश्नाचे इतिहासातले सर्वांत बोलके उदाहरण चंद्रावरचे आहे. जुलै १९६९ मध्ये अपोलो ११ च्या यानातून आलेले चित्र नेहमीच्या दूरदर्शनचे नव्हतेच. चंद्रावरून चित्र पाठवायला मिळणारी ध्वनिलहरींची नव्हे, रेडिओलहरींची वाट अरुंद. म्हणून ३२० रेषांची, सेकंदाला केवळ दहा चित्रे पाठवणारी खास पद्धत योजली होती. कॅलिफोर्नियातील गोल्डस्टोन आणि ऑस्ट्रेलियातील हनिसकल क्रीक व पार्क्स येथील केंद्रांनी हे संकेत पकडले. अमेरिकेतील दूरदर्शनला मात्र ५२५ रेषा आणि सेकंदाला तीस चित्रे हवी होती. मग उपाय काय? आलेले चित्र एका पडद्यावर दाखवायचे आणि त्या पडद्यासमोर दुसरा कॅमेरा लावायचा! नकलेची नक्कल. जगाने आर्मस्ट्राँगचे पहिले पाऊल भुतासारखे पांढुरके पाहिले, ते यामुळे. केंद्रांवर उतरलेले मूळ चित्र त्याहून स्वच्छ होते, आणि ते फितींवर नोंदलेही गेले होते.

त्या फितींचे पुढे काय झाले? नासाने बराच शोध घेतला आणि २००९ मध्ये जाहीर केले की, त्या बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. फितींचा तुटवडा होता. घरच्या लग्नाच्या कॅसेटवर क्रिकेटचा सामना घेणाऱ्यांनी आता तरी लाज वाटून घेऊ नये. मग त्याच वर्षी, चाळिसाव्या वर्धापनदिनाच्या निमित्ताने, प्रक्षेपणाच्या उरलेल्या प्रतींतून उत्तमोत्तम निवडून लाउरी डिजिटल या कंपनीकडून त्यांची डागडुजी करवून घेतली. खरखर कमी झाली, उजेड-काळोख सुधारला. मूळ फितीवरचा तपशील मात्र आला नाही.

आणि गंमत पाहा. २०१९ साली टॉड डग्लस मिलर यांचा 'अपोलो ११' हा माहितीपट आला. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जपून राहिलेल्या रुंद फिल्मची रिळे त्यासाठी नव्याने अंकित केली होती. फिल्मवर चांदीच्या सूक्ष्म कणांनी टिपलेला तपशील दूरदर्शनच्या चित्राहून कितीतरी अधिक असतो. तो नव्या यंत्राने फक्त वाचायचा असतो, रचायचा नसतो. त्यामुळे फ्लोरिडात उड्डाण बघायला जमलेल्या अनामिक माणसांचे चेहरे आज लख्ख दिसतात, आणि ज्या पावलासाठी ती सारी जमली होती ते पाऊल धूसरच आहे.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला यात ओळखीचे काही दिसेल. बखरीत प्रसंग रसरशीत असतो, संवादासकट असतो. अस्सल पत्र फाटके, मोडीतले, मध्येच तुटलेले. तरी राजवाड्यांनी आयुष्य वेचले ते अशी पत्रे गोळा करण्यात. बखर टाकाऊ नव्हे, पण ती बखर आहे हे तिच्यावर लिहिलेले असते. यंत्राच्या चित्रावर तसे काही लिहिलेले नसते. २०२० साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात तयार झालेल्या अशाच एका प्रणालीला बराक ओबामा यांचे ठिपक्याठिपक्यांचे छायाचित्र दिले, तेव्हा तिने एका गोऱ्या माणसाचा सुबक चेहरा काढून दिला. २०२४ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील किंग काउंटीच्या न्यायालयाने खुनाच्या खटल्यात असे सुधारलेले चित्रीकरण पुरावा म्हणून स्वीकारायला नकार दिला.

आम्ही कॅसेट परत आणली आणि दुसरीकडून ती जशी आहे तशी, काहीही न सुधारता, उतरवून घेतली. मूळ कॅसेटही ठेवली आहे; पावसाळ्यात बुरशी धरू नये म्हणून डब्यात घालून, ऑफिसच्या लोखंडी कपाटात. 'सुधारित' प्रतीवर तसे ठळक लिहून तीही तेथेच ठेवली.

साध्या प्रतीचा एक पेनड्राइव्ह काकूंना नेऊन दिला. त्यांच्या नातवाने तो टीव्हीला लावला. गुरुजी अंधुक दिसत होते, तळाशी पट्टा थरथरत होता. काकूंनी खुर्ची पुढे ओढून घेतली.